गोडपट्टी

“साखरंवर पट्टी? ह्या गावात?”

आत्यांनी रसाच्या यंत्राचं चाक थांबवलं. ऊस अर्धा आत, अर्धा बाहेर तसाच राहिला. बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं ग्लासाची वाट बघता बघता आमच्या दोघींकडे पाहू लागली.

“साखरेवर नाही हो आत्या,” मी म्हटलं. “दुकानांच्या बाहेर रस्त्यावर कोल्ड्रिंकचे फ्रीज उभे असतात ना, त्यांच्या जागेचं भाडं. ते वाढवायचं. एवढंच.”

“मग कोल्ड्रिंकात काय मीठ घालत्यात?”

गिऱ्हाइकं हसली. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी चाक पुन्हा फिरवलं, घुंगरू वाजायला लागले आणि माझं पुढचं बोलणं त्यात बुडून गेलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, अनसूया खराडे. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. पिंपळसोंडच्या एसटी स्टँडसमोर नगरपंचायतीच्या जागेवर त्यांची रसवंती होती. मामंजी गेल्यावर त्यांनी ती एकटीनं चालवली, दोन मुलींची लग्नं केली, माझ्या नवऱ्याला, किशोरला, शिकवून साखर कारखान्यात चिकटवलं. गावाच्या चारी बाजूंना ऊस. कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं तरी कारखान्याची चिमणी दिसायची. अशा गावात मी, पहिल्यांदाच निवडून आलेली नगरसेविका, गोड पेयांवरची पट्टी वाढवा म्हणत होते.

निवडून तरी मी कुठली आले होते म्हणा! वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि किशोरनं मला उभं केलं. पोस्टरवर माझा फोटो लहान आणि खाली ठळक अक्षरांत ‘खराडे रसवंतीची सून’. लोकांनी मत दिलं ते आत्यांच्या नावाला. आत्या स्वतः प्रचाराला एक दिवसही आल्या नाहीत. “मी फिरत बसले तर ऊस कोण पिळणार?” म्हणाल्या. मी दुष्काळी भागातली, माझं माहेर सांगोल्याकडचं. आमचं लग्न आम्हीच ठरवलेलं. आत्या मला कधी वाईट बोलल्या नाहीत, पण कामापलीकडचंही फारसं कधी बोलल्या नाहीत.

या पट्टीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते शाळेत. तिथे दातांचं शिबिर होतं आणि नारळ फोडायला मला बोलावलं होतं. तालुक्याहून आलेली डॉक्टरीण एकेका मुलाचं तोंड उघडून बॅटरी मारून बघत होती. दुसरी-तिसरीतली पोरं आणि दाढा काळ्या पडलेल्या. “ही काय पितात हो दिवसभर?” तिनं विचारलं. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि तिला उत्तर मिळालं. अख्खी शाळा फाटकाबाहेर सलीमभाई मुजावरांच्या दुकानावर धावली. लाल, हिरव्या, नारिंगी बाटल्या भराभर उघडायला लागल्या.

मी एका मुलीला धरलं. “अगं, पाणी का नाही पीत?”

तिनं माझं बोट धरलं आणि मला शाळेच्या नळापाशी नेलं. “तुम्ही प्या की, बाई.”

मागे सगळा वर्ग गोळा झालेला. मी ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं. बोअरचं पाणी, खारट आणि वर लोखंडाची चव. एवढ्या पोरांसमोर थुंकता येईना. गिळलं, पण तोंड वाकडं झालंच, आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

तिथून मी थेट नगरपंचायतीत गेले. मुख्याधिकारी गायत्री वैद्य नावाच्या तरुण बाई होत्या. त्या म्हणाल्या, “शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र द्यायला मला आवडेल, पण निधी कुठून आणू?”

“त्या बाटल्यांवर कर लावा ना. बाटली महाग करू आणि पाणी चांगलं देऊ.”

“मालावर कर लावणं आपल्या हातात नाही, सारिकाताई.” मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीतून बाजारपेठ दिसत होती आणि प्रत्येक दुकानाबाहेर एकेक चकचकीत फ्रीज. “पण ते फ्रीज उभे आहेत ना, ती जागा आपली आहे. नाममात्र भाडं घेतो आपण. ते मात्र सभेला वाढवता येईल.”

मी खुर्चीतून जवळजवळ उडालेच.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी सलीमभाई दुकानाच्या पायरीवर उभे राहून ओरडले, “घरपट्टी झाली, पाणीपट्टी झाली, आता गोडपट्टी द्या!” ते नाव चिकटलं. आठवडाभरात गावाचे दोन तुकडे पडले. न्हाव्याच्या दुकानात दाढी अर्धी ठेवून माणसं भांडायला लागली. कुणीतरी माझ्या डोक्यावर उसाच्या कांड्यांचा मुकुट घातलेलं चित्र करून मोबाईलवर फिरवलं. रस्त्यात एक बाई माझा हात धरून म्हणाली, “वाढवाच तुम्ही. माझं पोरगं बाटली पितं आणि जेवायलाच बसत नाही.” दहा पावलांवर दुसरी म्हणाली, “आमच्या लेकरांच्या तोंडचं कशाला काढताय? तुमच्या घरी रस फुकट आहे.”

सलीमभाईंनी मला दुकानात बसवून चहा पाजला. “वहिनी, पोरांना पाणी द्या. नळ बसवायला मी स्वतः पाना घेऊन येतो. पण ते माझ्याकडून का? मी गुटखा ठेवत नाही, सिगरेट ठेवत नाही. ह्या फ्रीजवर माझ्या पोरीचं कॉलेज चाललंय.”

“बाटलीची किंमत थोडी वाढवा.”

“वाढवली की गिऱ्हाईक पलीकडच्या वाडीत जाऊन पिईल. तिथं कुठं आहे गोडपट्टी?”

मी चहा संपवला आणि उठले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे आपण समजतो तेवढं सोपं नाही. आणि खरं सांगते, त्यामुळे मला जास्तच चेव आला. लग्न होऊन आल्यापासून माझ्या बोलण्यावर गावात कुणी भांडलंच नव्हतं. भांडण्याजोगं मी काही बोलतच नव्हते.

मग जालिंदर फडतरे घरी आले. ते आमच्याच सभागृहात नगरसेवक होते आणि आख्ख्या तालुक्यात कोल्ड्रिंकची एजन्सी त्यांची. माणूस दिलखुलास. गणपती मंडळांना वर्गणी त्यांची, कबड्डीच्या सामन्यांना ढाल त्यांची. माझ्या निवडणुकीत त्यांनी गाडी दिली होती. ते आले तेच हातात बाटल्यांचं खोकं घेऊन.

“हे मुलांना,” म्हणाले.

“आम्हाला कुठं मुलं आहेत अजून?” किशोर म्हणाला.

“मग होतील तेव्हा,” असं म्हणून त्यांनी खोकं कोपऱ्यात ठेवलं आणि माझ्याकडे वळले. “वहिनी, एक विचारू? शेटजी हॉटेलात बसून आईस्क्रीम खातो. त्याला तुम्ही काही म्हणत नाही. उसाच्या फडातनं आलेला गडी एक गार बाटली घेतो. त्याची चैन एवढीच. आणि तुम्ही नेमकी तीच महाग करताय.”

“त्या गड्याच्या पोराला शाळेत प्यायला पाणी नाही, जालिंदरभाऊ.”

“त्याला पाणी सरकार देईल.”

“कधी?”

ते हसले. रागावणारा माणूसच नव्हता तो. आत्यांनी तेवढ्यात रसाची किटली आणली, त्यांनी दोन ग्लास घटाघट रिचवले, मिशा पुसल्या आणि जाता जाता म्हणाले, “सभेत बघू मग.”

ते गेल्यावर आत्या दाराशी उभ्या राहिल्या. “त्यो सभेत रसाचं काढणार बघ.”

“रसाचं काय?”

“म्हणंल, रसवंती बी नगरपंचायतीच्या जागंवर हाय. तिला बी पट्टी लावा. मग तू काय करशील?”

मी यावर विचारच केला नव्हता. आत्या माझ्याकडे बघत होत्या. चाळीस वर्षं ऊस पिळून कडक झालेले त्यांचे हात पदराखाली होते.

“रसाला हात लावणार नाही, आत्या.”

“शब्द दे.”

“दिला.”

“बघ हां. ही रसवंती माझ्या नवऱ्यानं उभी केली. तिच्यावर दंड बसवल्यागत पट्टी बसली, तर मला त्यो अपमान वाटंल.”

“बसणार नाही. सांगितलं ना.”

सभेच्या दिवशी नगरपंचायतीच्या आवारात जत्रेसारखी गर्दी झाली. आत मावेनात म्हणून लोक खिडक्यांना लटकले. कुणीतरी बाहेर कर्णा लावला. शाळेच्या पोरांनी फाटकापाशी “पाणी द्या! पाणी द्या!” असा गिल्ला केला होता, आणि रस्त्याच्या पलीकडे दुकानदार “गोडपट्टी परत घ्या!” म्हणून त्यांच्यावर आवाज चढवत होते. मी पदर खोचून आत शिरले. कुस्तीच्या आखाड्यात उतरणाऱ्याला जसं होत असेल तसं काहीतरी मला होत होतं.

अध्यक्षस्थानी नगराध्यक्ष निकमअण्णा. पिकलेल्या भुवयांचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी विषय वाचला. मी उभी राहिले आणि बोलले. शाळेचं पाणी मी एका बाटलीत भरून आणलं होतं. ते टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, “ज्यांना पट्टी नको असेल त्यांनी याचा एक घोट घ्यावा आणि मग बोलावं.”

खिडक्यांतून शिट्ट्या आल्या. कुणी घोट घेतला नाही. निकमअण्णांनी बाटली उचलून वास घेतला आणि हळूच परत ठेवली.

मतं कशी पडणार हे साधारण सगळ्यांना ठाऊक होतं. जेवढे सदस्य माझ्या बाजूला, तेवढेच जालिंदरभाऊंच्या. मधे राहिले होते मळ्याच्या वस्तीवरचे तिघं. त्यांच्यातले थोरले, ज्ञानू पोवार, उठून म्हणाले, “आमचं म्हणणं एवढंच. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. सारखा असला तर आमचा हात वर.”

जालिंदरभाऊ याचीच वाट बघत होते. ते उठले, शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या.

“वा! पोवारदादा लाखातलं बोलले. साखर ती साखर. बाटलीतली तेवढी विषारी आणि सारिकावहिनींच्या सासूबाईंच्या किटलीतली औषधी, असं असतंय व्हय?”

हशा पिकला.

“स्टँडसमोरची रसवंती कुणाच्या जागेवर आहे? नगरपंचायतीच्या. तिथं काय कारल्याचा रस मिळतो? अण्णा, माझी उपसूचना लिहून घ्या. जेवढी पट्टी फ्रीजला, तेवढीच रसवंतीला. होऊन जाऊ दे दूध का दूध!” ते माझ्याकडे वळले आणि खाली वाकून हात जोडले. “बोला वहिनी. मान्य? का पोरांना पाणी पाजायचं निमित्त करून घरचा रस खपवायचा बेत आहे?”

आता हशा थांबेना. खिडकीतल्या एकानं रसवंतीच्या घुंगरांची नक्कल केली, “छुन छुन, छुन छुन,” आणि मग सगळी खिडकीच छुन छुन करायला लागली. पोवार माझ्याकडे बघत होते. एक ‘मान्य’ म्हटलं की ठराव माझा होता. शाळेला पाणी होतं. तो शब्द अगदी ओठांपर्यंत आला.

“मला मान्य करता येणार नाही,” मी म्हणाले.

“का?” निकमअण्णांनी विचारलं.

“मी शब्द दिलाय.”

“कुणाला?”

दुसरं काही सुचलं नाही. खरं तेच सांगितलं. “माझ्या सासूबाईंना.”

मग मात्र छप्पर उडालं. बाकं बडवली जात होती. “सासूची परवानगी आणा!” “खराडे रसवंतीची सून!” जालिंदरभाऊ दोन्ही हात पसरून सगळ्यांना शांत करत होते आणि स्वतः डोळे पुसत हसत होते. “गावाला पाणी द्यायला निघाल्या,” ते म्हणाले, “आणि सासूच्या ग्लासात बुडाल्या!”

मी उभीच होते. बसले तर हरले असं होईल म्हणून बसत नव्हते.

तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आत्या आलेल्या मला ठाऊकच नव्हतं. भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या वेळेला, रसवंती बंद करून त्या तिथे येऊन बसल्या होत्या. त्या उठल्या आणि माणसांतून वाट काढत पुढे यायला लागल्या.

“बाई, प्रेक्षकांना बोलता येत नाही,” मुख्याधिकारी म्हणाल्या.

आत्या थांबल्या नाहीत. निकमअण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं आणि घसा खाकरला. “सभा थोडा वेळ तहकूब. तहकुबीत कोण काय बोलतं, ते इतिवृत्तात येत नाही. बोला, अनसूयाबाई.”

आत्या टेबलापाशी आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“हिनं मला शब्द दिलाय, हे खरं हाय,” त्या म्हणाल्या. “मीच मागितला हुता. त्यो मी हिला परत दिला. लावा रसवंतीला पट्टी.”

“जेवढी फ्रीजला तेवढीच लावा. कमी नको. उपकार बी नकोत.”

“मावशी,” जालिंदरभाऊ घाईघाईनं म्हणाले, “असं रागात नका ठरवू. घरी जाऊन शांतपणे विचार करा.”

“तू माझ्या दारात बसून दोन दोन गिलास पितोस, तवा करतोस का इचार?”

आता लोक हसले, पण या वेळचं हसू वेगळ्या बाजूला गेलं. आत्यांनी खिडकीकडे मान वळवली. तिथे मघाशी छुन छुन करणारे होते.

“आता वाजवा की घुंगरू,” त्या म्हणाल्या. “वाजवा.”

खिडकीतली डोकी एकेक करून खाली गेली.

“सभा पुन्हा सुरू,” निकमअण्णा म्हणाले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच भरभर बोलताना ऐकलं. “फडतऱ्यांची उपसूचना मूळ सूचकांना मान्य आहे का?”

“मान्य!” मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरच्या कर्ण्यानं शिट्टी मारली.

“मग उपसूचनेसह ठराव मताला टाकतो. सूचक, सारिका खराडे. उपसूचना, जालिंदर फडतरे.”

“अहो अण्णा, माझं नाव कशाला?” जालिंदरभाऊ खुर्चीतून उठले.

“उपसूचना तुमचीच ना? का मी चुकीचं ऐकलं?”

हात वर व्हायला लागले. माझ्या बाजूचे झाले. मग ज्ञानू पोवारांनी हात वर केला, अगदी सावकाश. त्यांच्यामागोमाग त्यांच्या वस्तीवरच्या एकाचा वर आला. तिसरा खाली बघून बसला होता. पोवारांनी कोपरानं ढोसलं तरी त्याचा हात काही वर येईना. विरोधातले हात मोजायला अण्णा उठले. सगळ्यांचे डोळे जालिंदरभाऊंकडे. स्वतःच्या उपसूचनेविरुद्ध हात वर करावा, तर गाव वर्षभर हसेल. ते इकडेतिकडे बघत राहिले, मग त्यांनी मोबाईल कानाला लावला आणि “हां, बोला, बोला” करत बाहेर निघून गेले. मोबाईल वाजलाच नव्हता, हे सगळ्यांना कळलं.

ठराव मंजूर झाला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. मुख्याधिकारी बाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला. बाहेर पोरांचा असा काही कल्लोळ उठला की झाडावरचे बगळे उडाले. कुणीतरी हलगी आणली. किशोर गर्दीतून धडपडत आला आणि “जिंकलीस! जिंकलीस!” म्हणत मला गदागदा हलवायला लागला. पायरीवर सलीमभाई भेटले. चेहरा पडलेला होता, पण म्हणाले, “वहिनी, पाण्याचं मात्र लगेच करा. नाहीतर मी तुम्हाला सोडणार नाही.” मी हो म्हटलं, आणि गर्दीत आत्यांना शोधत राहिले. त्या कधीच गेल्या होत्या.

रसवंतीवर पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्या ऊस तासत बसल्या होत्या. एकही गिऱ्हाईक नव्हतं, सगळं गाव हलगीमागे गेलेलं. मी समोरच्या बाकावर बसले. धावत आल्यामुळे धाप लागली होती.

“आत्या.”

“काय गं?”

“तुम्हाला पटलं माझं म्हणणं?”

“काय पटायचंय त्यात?” कोयता थांबला नाही. “रसावर पट्टी! नुसता येडेपणा हाय. उद्या म्हणशील, उसाच्या फडातनं चालायची पट्टी भरा. माणूस गोड खाऊन मरत न्हाई, उपाशी मरतंय. मी तर म्हंते, त्या सलीमचं बरोबर हाय.”

मी चक्रावले. “मग तुम्ही हो का म्हणालात?”

आत्यांनी तासलेला ऊस बाजूला ठेवला. दुसरा घेतला. त्याच्यावरून नुसताच हात फिरवत राहिल्या.

“तुला हसत हुते,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हंजे काय? तू एकटी हुबी. शब्द मोडला असतास तर जिंकली असतीस, पण मोडला न्हाईस. आणि ती टवाळ कार्टी खिदाळत्यात. घरात मी तुला काय बी बोलीन, माझा हक्क हाय. त्यांनी कशाला हसावं माझ्या सुनंला?”

एवढं बोलून त्या उठल्या आणि उगाचच यंत्र पुसायला लागल्या, पाठ माझ्याकडे करून. मीही उठले. काय करावं कळेना म्हणून चाकाचा दांडा धरला. आत्यांनी ऊस घातला, मी चाक फिरवलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला त्या यंत्राला हात लावू दिला नव्हता. चाक जड होतं, मी अंगाचा भार टाकून फिरवत होते आणि रडत होते, आणि आत्या ओरडत होत्या, “हळू! हळू फिरव, धसमुसळे! रस उडतोय समदा.”

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा नळाला गोडं, गार पाणी होतं. सलीमभाई खरोखरच पाना घेऊन आले होते. पहिल्या दिवशी पोरांनी पाणी प्यायलं कमी आणि एकमेकांच्या अंगावर उडवलं जास्त. बाटल्या बंद झाल्या असं मी म्हणणार नाही, पण मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर धावणारा लोंढा निम्म्यावर आला. ते मी डोळ्यांनी पाहिलं. सलीमभाईंनी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताक ठेवायला सुरुवात केली. ते बऱ्यापैकी खपायला लागलं, आणि तरीही भेटले की ते पट्टीच्या नावानं बोटं मोडायचे.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. लोक मला अजून विचारतात, तेव्हा तुम्ही सासूला पटवलं कसं? मी त्यांना पुढच्या वर्षीची गोष्ट सांगते.

पुढच्या वर्षी मला हायस्कूललाही पाण्याचं यंत्र बसवायचं होतं, म्हणून गोडपट्टी आणखी वाढवायचा ठराव मी आणला. सभेच्या आदल्या दिवशी मी कार्यालयात बसले होते. दुरून घोषणा ऐकू आल्या. आवाज जवळ आला तशी मी बाहेर पायरीवर आले.

बाजारपेठेतून मोर्चा येत होता. झाडून सगळे दुकानदार. मधे सलीमभाई, त्यांच्यामागे छाती काढून चालणारे जालिंदर फडतरे, आणि सगळ्यांत पुढे हिरवं इरकल नेसून, मूठ आभाळात फेकत आमच्या आत्या.

“वाढीव गोडपट्टी!”

“रद्द करा, रद्द करा!”

“सारिका खराडे!”

“होश में आओ!”

त्यांचा आवाज सगळ्यांवर होता. पंचायतीचे शिपाई तोंडाला रुमाल लावून हसत होते. मोर्चा पायरीशी थांबला. वार्ताहर पुढे सरसावले. आत्या दोन पायऱ्या चढून माझ्यासमोर आल्या आणि निवेदनाचा कागद माझ्यापुढे धरला. चेहरा असा करडा, जणू मला कधी पाहिलेलंच नाही.

“हे निवेदन,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “नीट वाचा, आणि जनतेचं ऐका. न्हाईतर उद्या सभा चालू देणार न्हाई.”

“वाचते,” मी म्हटलं. हसू आवरताना माझे गाल दुखत होते. “पण माझाही ठराव मी मागे घेणार नाही.”

“नगं घेऊस. आम्ही पाडतो.”

मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाल्यानं कॅमेरा रोखला. “मावशी, इकडं बघा. कागद वर धरा.”

आत्यांनी कागद वर धरला, थोड्या पुढे झुकल्या आणि ओठ न हलवता पुटपुटल्या, “पदर नीट घे. पेपरात येणार हाय.”